अदंत प्राणी आणि शब्दांनी लावलेले दात

वैद्यकाच्या अभ्यासात द्रव्याचे नाव ही पहिली पायरी होय, अखेरची नव्हे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पतींची नावे आणि रूपे ठाऊक असतात हे मोकळेपणाने मान्य केले आहे. मात्र केवळ नामरूप जाणल्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही, तिचा योग जाणतो तोच तत्त्वज्ञ, असेही त्यांनी लगेच बजावले आहे. हे सूत्र आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभीच पाठ केले. व्यवसायाच्या धकाधकीत त्याचा अर्थ मात्र मागे पडतो. एका प्राण्याच्या निमित्ताने त्याची आठवण वैद्यबंधूंना व औषधालयांच्या चालकांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्राणी म्हणजे आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळणारे खवले मांजर. त्याच्या मुखात एकही दात नसतो. तरीही शब्दांनी त्याला दात लावले, शब्दांनीच त्याच्या खवल्यांना औषधी गुण चिकटवले, आणि त्या मानीव गुणांपायी त्याची हत्या होत आहे. या व्यवहारात 'आयुर्वेदिक औषध' हे आपले नाव पुढे केले जाते. म्हणून हा विषय वनखात्याचा आहे असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

प्रथम शब्दांकडेच पाहू. दात नसण्याच्या अवस्थेला आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा भिन्न आहेत. दात पडून गेलेल्या तोंडाला आपण 'बोळके' म्हणतो. भातुकलीतील मातीच्या इवल्या भांड्यालाही हाच शब्द आहे. त्यामुळे त्यात थट्टा असली तरी मायाही आहे. आजोबांचे बोळके आणि सहा महिन्यांच्या नातवाचे बोळके दोन्ही घरात सारख्याच कौतुकाने पाहिली जातात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दात नसणे म्हणजे संधी हुकणे असे सुचविते. विषदंत काढलेला नाग म्हटले की सामर्थ्य गमावलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. संस्कृत शब्दांत 'अदंत' हा नुसता अभाव सांगतो, 'पतितदंत' हा पूर्वी असलेले गेले असे सांगतो, तर 'दंतहीन' या शब्दातील 'हीन' हे पद न्यूनतेचा आरोप करते. तान्हे बालक अदंत असते, वृद्ध पतितदंत असतो. एक वयाचा क्रम आणि दुसरा जरेचा परिणाम. दोघांनाही एकाच शब्दात बसविणारा वैद्य पथ्य सांगताना चुकेल.

आपल्या परंपरेने दातांच्या अभावाकडे पाहण्याची दृष्टीही देऊन ठेवली आहे. दक्षयज्ञाच्या कथेत पूषा देवाचे दात तुटतात. ब्राह्मणग्रंथांत तो अदंतक म्हणून वर्णिला असून त्याला दळलेल्या धान्याचा भाग दिला जातो. चरकसंहितेच्या रसायनाध्यायात अश्विनीकुमारांच्या चिकित्सेची जी उदाहरणे येतात, त्यांत पूष्याच्या तुटलेल्या दातांचाही समावेश आहे. ज्याला चावता येत नाही त्याला पिष्टान्न द्यावे आणि ज्याचे दुखणे बरे होण्यासारखे असेल त्याची चिकित्सा करावी, असा हा व्यवहार आहे. येथे अभावाला गूढ शक्ती मानलेले नाही आणि दोषही मानलेले नाही.

शब्द किती घसरडे असतात याचे एक गंमतीचे उदाहरण म्हणजे 'द्विज'. दोनदा जन्मतो म्हणून दात हा द्विज. काश्यपसंहितेच्या दंतजन्मिक अध्यायात बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवणारे आणि उरलेले द्विज असा भेद केला आहे. परंतु एकदा अंड्याच्या रूपाने व पुन्हा अंडे फोडून जन्मतो म्हणून पक्षी हाही द्विज, आणि आजच्या कोणत्याही पक्ष्याला दात नाहीत. एकच शब्द दातालाही लागतो आणि अदंत जिवालाही लागतो. केवळ शब्दावरून द्रव्य ठरवू लागलो तर काय होईल, हे यावरून ध्यानात यावे.

अशी फसगत केवळ लोकभाषेची झाली असे नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचीही झाली. लिनियसने १७५८ साली पुढचे कृंतक दात नसणे हे लक्षण धरून हत्ती, स्लॉथ, मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांना एकाच गणात बसविले. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिए आदी शास्त्रज्ञांनी 'इडेन्टाटा' म्हणजे 'अदंत' असे नावच एका गणाला दिले आणि त्यात स्लॉथ, आर्माडिलो, मुंगीखाऊ, खवले मांजर हे सारे घातले. वस्तुतः स्लॉथला दाढा असतात, आणि दक्षिण अमेरिकेतील महाकाय आर्माडिलोच्या तोंडात तर ८० ते १०० लहान दात असतात. 'अदंत' या नावाच्या गणात खऱ्या अर्थाने दात नसलेले प्राणी म्हणजे मुंगीखाऊ आणि खवले मांजर एवढेच. तेही एकमेकांचे जवळचे नातलग नव्हेत. एकाचा वंश अमेरिकेतला, दुसऱ्याचा आशिया व आफ्रिकेतला. मुंग्या आणि वाळवी हा एकच आहार स्वीकारल्याने दोघांनी स्वतंत्रपणे दात सोडले आणि जीभ लांबविली.

पुढे जनुकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. खवले मांजराच्या गणाचा सर्वांत जवळचा आप्त आज मांसभक्षक प्राण्यांचा गण, म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांचा वंश, असे मानले जाते. आमच्या खेड्यातील माणसाने त्याला 'मांजर' म्हटले ते चेहऱ्या-आकारावरून असेल. पण पंडितांच्या 'अदंत' या वर्गापेक्षा ते नाव सत्याच्या अधिक जवळ निघाले. प्राणी मांजर नव्हे हे खरेच. परंतु जे नाही त्यावरून वर्ग बांधला तर तो कसा कोसळतो, हे यात दिसते. अभावावरून गुण ठरविणे हा तर त्याच्याही पुढचा प्रमाद होय.

आता प्राण्याचे प्रत्यक्ष रूप पाहू. आपल्याकडील जातीचे शास्त्रीय नाव 'मॅनिस क्रॅसिकॉडाटा'. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याचे वजन सामान्यतः १० ते १६ किलो भरते. तो निशाचर असून बिळात राहतो, आणि मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. पुढच्या पायांच्या बळकट नख्यांनी तो वारूळ फोडतो आणि लांब, चिकट जीभ आत घालून मुंग्या व वाळवी टिपतो. दात नसल्याने चर्वण नाही. सारे भक्ष्य अखंड गिळले जाते. दातांचे काम त्याच्या आमाशयाचा जाड, कठीण अस्तर असलेला भाग करतो, आणि भक्ष्याबरोबर गिळलेले बारीक खडे तेथे भक्ष्य भरडण्यास साहाय्य करतात. मुखात लाळ विपुल आणि आमाशयात घर्षण. कफाच्या क्लेदनकर्माचा विचार करणाऱ्या वैद्याला हे शरीर कुतूहलाचे वाटेल. येथे अदंतत्व ही विकृती नसून प्रकृती आहे, म्हणून या प्राण्याला 'दंतहीन' न म्हणता 'अदंत' म्हणावे.

त्याच्या संरक्षणाची रीतही ध्यानात घ्यावी. भय वाटताच तो अंगाचे वेटोळे करून खवल्यांचा गोळा होतो. वाघ-बिबट्याच्या दातांना तो गोळा सहजी दाद देत नाही. मनुष्याला मात्र तोच उचलून पोत्यात घालणे सर्वांत सोपे जाते. न चावणारा, न पळणारा प्राणी पकडण्यास ना कौशल्य लागते ना धाडस.

अशा या प्राण्याला ठिकठिकाणी कोणती नावे मिळाली हे पाहिले म्हणजे गुणांचा आरोप कोठून आला ते कळते. बंगालीत तो 'बनरुई', म्हणजे रानातला रोहू मासा, खवल्यांवरून. हिंदी आणि ओडिया भागात त्याच्या नावात 'वज्र' येते, आणि वज्रकीट या पुराणातील नावाशी त्याची सांगड घालण्यात आली आहे. शालिग्रामाच्या कथेत गंडकीच्या शिळांमध्ये चक्रे कोरणारे कीटक येतात. पुराणकारांनी त्यांचे वर्णन तीक्ष्ण दाढांचे असे केले आहे. ही तीक्ष्ण दाढांची ख्याती ज्या प्राण्याच्या माथी मारली गेली त्याला एकही दाढ नाही. शालिग्रामातील चक्रे ही प्राचीन सागरी जिवांच्या शंखांची अश्मीभूत रूपे होत, ती कोणी कोरलेली नाहीत. श्रद्धेला यामुळे बाध येण्याचे कारण नाही. मात्र शिळा भेदणाऱ्याचे खवले शरीरातील अश्मरी किंवा ग्रंथी भेदतील, असे अनुमान कोणी करील तर त्याला पायाच उरत नाही.

चीनमध्ये नेमके असेच अनुमान रूढ झाले. तेथे या खवल्यांना 'चुआन शान जिया' म्हणतात. अर्थ, डोंगर भेदून जाणारे कवच. प्राणी जमीन भेदतो, म्हणून त्याचे कवच शरीरातील अवरोध भेदते, रक्ताची गती मोकळी करते, प्रसूत स्त्रीचे स्तन्य वाढविते, असे त्या वैद्यकात सांगितले गेले. नावातून कर्म, कर्मातून गुण आणि गुणातून मागणी, अशी ही साखळी आहे.

आपल्या शास्त्राच्या भाषेतही अशी साखळी ओवता येते, आणि ती फार मोहक दिसते. सुश्रुताने अस्थींचे पाच प्रकार सांगितले असून दात हे त्यांतील रुचकास्थि होत. केश आणि नख हे अस्थीचे मल. आता कोणी हुशार मनुष्य म्हणेल की, या प्राण्यात रुचकास्थि नाहीत, म्हणून सारा अस्थिपोषक अंश खवल्यांच्या रूपाने बाहेर आला, म्हणून खवल्यांची मषी अस्थिक्षयात व दंतविकारात द्यावी. ऐकायला तर्क शास्त्रीय वाटतो. पण याला ना आप्तोपदेश आहे, ना प्रत्यक्ष, ना युक्ती. खवले ज्या केराटिन नामक प्रथिनाचे बनलेले असतात त्याच द्रव्याचे आपले नख, केस, गाईचे शिंग आणि घोड्याचा खूर बनलेले असतात. ज्याला खवल्याचे चूर्ण घेण्याची हौस असेल त्याला न्हाव्याच्या दुकानात तेच द्रव्य फुकट मिळेल.

शब्दसाम्याचा आणखी एक सापळा आपल्या कोशातच आहे. 'शल्क' म्हणजे खवला, 'शल्लक' म्हणजे साळिंदर, आणि 'शल्लकी' म्हणजे सालई, जिच्या निर्यासाचा उपयोग आपण संधिवातात नित्य करतो. पैकी साळिंदर हा कुरतडणारा प्राणी असून त्याचे पुढचे दात तर प्रसिद्धच आहेत. मांसवर्गात शल्लकाचा उल्लेख आला म्हणजे खवले मांजर आले, असे वाचणे ही सरळ चूक होय. चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांच्याही औषधयोगांत खवले मांजराच्या खवल्याचा पाठ नाही. जो विक्रेता त्याला 'आयुर्वेदिक' म्हणतो त्याने स्थान, अध्याय आणि श्लोक दाखवावा. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे, आपल्यावर नाही.

ही चर्चा केवळ पांडित्याची असती तर त्रैमासिकाची पाने खर्ची घातली नसती. गावोगावी खवल्याची अंगठी मूळव्याधीवर घालतात, खवला ताईतात घालून लहान मुलांच्या गळ्यात बांधतात. माझ्याकडे रक्तार्शाचा एक शेतमजूर आला तेव्हा त्याच्या बोटात अशी अंगठी होती. ती त्याने आठवडी बाजारात जवळजवळ पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम देऊन घेतली होती, आणि विकणाऱ्याने 'हे आयुर्वेदातले आहे, डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही' असे सांगितले होते. त्याने वर्षभर कोणालाही दाखविले नाही. पांडुत्व इतके वाढले होते की चार पावले चालताच त्याला धाप लागे. सूरण, ताक, हिरडा यांवर चालणारे आपले साधे उपचार त्याला पहिल्या महिन्यातच लाभले असते. त्या अंगठीने एक प्राणी मारला गेला, एका रुग्णाचे वर्ष गेले, आणि आपल्या शास्त्राच्या नावावर खोटी पावती फाडली गेली.

या एका अंगठीमागे जागतिक व्यापार आहे. एप्रिल २०१९ मध्ये एका आठवड्याच्या आत सिंगापूरमध्ये दोन जहाजी खेपांतून मिळून २५ टनांहून अधिक खवले पकडले गेले. ते सुमारे ३८,००० प्राण्यांचे असावेत असा तेथील अधिकाऱ्यांचा अंदाज होता. तो माल आफ्रिकेतून आला होता, कारण आशियातील प्राणी आधीच विरळ झाले होते. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत 'साइट्स' करारातील राष्ट्रांनी तेव्हा ज्ञात असलेल्या आठही जातींचा समावेश पहिल्या परिशिष्टात केला आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. चीननेही २०२० साली या प्राण्याला संरक्षणाचा सर्वोच्च दर्जा दिला आणि त्याच वर्षीच्या औषधसंहितेच्या मुख्य द्रव्ययादीतून खवले वगळले. काही तयार औषधांच्या पाठांत मात्र त्या आवृत्तीतही त्यांचा उल्लेख राहिला. ज्या देशाच्या वैद्यकात या द्रव्याला शतकानुशतकांचा आधार होता त्याने हात मागे घेण्यास आरंभ केला. आपल्या शास्त्रात तर त्याला मुळात आधारच नाही. मग आपण मौन का बाळगावे?

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर अशा प्राण्याच्या शिकारीस किंवा व्यापारास किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावास, शिवाय किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. खवला कपाटात 'नमुना' म्हणून ठेवणाऱ्या औषधालयाच्या चालकानेही हे ध्यानात ठेवावे. अनेक जुन्या दुकानांत आजोबा-पणजोबांच्या काळापासूनच्या बरण्या असतात. त्यांत काय आहे हे पाहून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

यावर काही व्यावसायिक मित्र तीन आक्षेप घेतात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, आदिवासी आणि ग्रामीण समाजाची ही परंपरा आहे आणि लोकवैद्यकाचा आपण आदर केला पाहिजे. आदर अवश्य असावा. आपली कितीतरी द्रव्ये त्याच मार्गाने संहितेत आली. परंतु वर सांगितलेल्या चरकसूत्राचा अर्थच असा की, गुराख्याकडून नाम आणि रूप घ्यावे, योग मात्र पारखून घ्यावा. शिवाय आज ही अंगठी विकणारा मनुष्य बहुधा त्या रानातला जाणता नसतो, बाजारातला दलाल असतो.

दुसरा आक्षेप, प्राणी आपोआप मेलेला सापडला तर त्याचे खवले वाया का घालवावेत? कायद्याने असा मृत प्राणीही शासनाची मालमत्ता ठरतो, हे एक उत्तर. दुसरे व्यवहारातले. बाजारात आलेला खवला मेलेल्याचा की मारलेल्याचा हे कोणत्याही परीक्षेने ओळखता येत नाही. एकाला किंमत आली की दुसऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. आज खवला, उद्या कस्तुरी, परवा मृगशृंग, असे करीत प्राणिज द्रव्ये एकेक सोडत गेलो तर रसशास्त्राचे काय उरेल? ही भीती मला समजते. पण आपला अनुभव काय सांगतो? इंद्रलुप्तावर हस्तिदंताची मषी हा सुश्रुतापासून चालत आलेला योग आहे. त्याला पाठ आहे, परंपरा आहे. हस्तिदंताचा व्यापार बंद झाला तेव्हा आपण तो योग बाजूला ठेवला आणि अन्य लेप वापरले. त्यामुळे आयुर्वेद खचला नाही. कस्तुरीच्या जागी लताकस्तुरी किंवा अन्य द्रव्य घेण्याचा विचार आपल्या ग्रंथकारांना नवीन नव्हता. अभावात प्रतिनिधी द्रव्य कोणते घ्यावे याचे स्वतंत्र प्रकरण भावप्रकाशात आणि योगरत्नाकरात आहे. अभाव आला म्हणून शास्त्र थांबत नाही, हे पूर्वाचार्यांनी जाणले होते. हत्तीचा दात, ज्याला शास्त्राधार होता, तो आपण सोडू शकलो. तर अदंत प्राण्याचा खवला, ज्याला शास्त्राधारच नाही, तो नाकारताना अडचण कसली? आणि जे कायदेशीर, साठा मोजता येण्याजोगे प्राणिज द्रव्य आहे त्याचे रक्षणही याच मार्गाने होईल. आपण स्वतः भेद केला नाही तर बाहेरचे लोक सरसकट सर्वांवरच फुली मारतील.

तेव्हा काय करावे? माझ्या मते चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

एक, रुग्णाच्या बोटात अंगठी किंवा गळ्यात खवला दिसला तर वैद्याने तो विषय टाळू नये. रागावू नये, हसू नये. हे आयुर्वेदातले औषध नाही, एवढे एक वाक्य स्पष्ट सांगावे आणि लगेच योग्य उपचार सुरू करावा. वैद्याच्या तोंडचे एक वाक्य दहा फलकांचे काम करते.

दोन, औषधालयाच्या चालकांनी आणि काष्ठौषधी विक्रेत्यांनी मागणी आल्यास 'सध्या संपले आहे' असे उत्तर देऊ नये. त्यातून ते पूर्वी होते आणि पुढे येईल असा अर्थ निघतो. 'आम्ही ठेवत नाही, ते औषध नाही' असे सांगावे.

तीन, औषधनिर्मिती करणाऱ्या सभासदांनी प्राणिज घटकांची खरेदी करताना पुरवठादाराकडून द्रव्याचे बाजारी टोपणनाव न घेता प्राण्याचे शास्त्रीय नाव आणि तो प्राणी कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत येतो ते पावतीवर लिहून घ्यावे. नावाने होणारी फसवणूक नावाच्या काटेकोरपणानेच थांबते.

चार, आपल्या संघटनेने वार्षिक अधिवेशनात ठराव करून खवले मांजराचा कोणताही अवयव आयुर्वेदीय औषधद्रव्य नाही असे जाहीर करावे आणि त्याची प्रत वनविभागास व अन्न व औषध प्रशासनास पाठवावी. उद्या कोणी पकडला गेला आणि 'आयुर्वेदासाठी नेत होतो' म्हणाला, तर तपास करणाऱ्याच्या हाती आपला लेखी नकार असला पाहिजे.

लोक ऐकणार नाहीत, असे काहींना वाटते. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणात या प्राण्याच्या संरक्षणाचे काम करीत आली आहे. फेब्रुवारीतील तिसरा शनिवार हा जागतिक खवले मांजर दिन. २०२० साली त्या निमित्ताने चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात 'खवलोत्सव' झाला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी ती मिरविली. ज्या प्राण्याची भीती वा हाव वाटावी त्याला गावाने पालखीचा मान दिला. शेतकऱ्याचा यात स्वार्थही आहे. आंब्या-काजूच्या बागांत वाळवी काय करते हे त्याला सांगावे लागत नाही. गावाने पालखी दिली, आता वैद्याने आपला शब्द द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

या प्राण्याला चावता येत नाही, ओरडता येत नाही, आणि त्याच्यावर लादलेली नावे त्याला पुसता येत नाहीत. नावे पारखणे हा आपला व्यवसाय आहे. येत्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेत या ठरावास स्थान मिळावे, अशी सभासदांना आणि कार्यकारिणीला विनंती करतो. ज्यांचे मत भिन्न असेल त्यांनी सप्रमाण लिहावे. त्या चर्चेचे स्वागतच होईल. इत्यलम्.